'हॅव्ह' ह्या क्रियापदाविषयीं थोडेंसें

इंग्रजी भाषा शिकणाऱ्या मुलामुलींची अशी एक सर्वसाधारण समजूत असते कीं, शब्द जितका लांब तितका तो कठीण, आणि जितका आखूड तितका सोपा. परीक्षा जवळ आली म्हणजे मोठमोठ्या शब्दांच्या याद्या तयार होतात, त्यांचें स्पेलिंग घोकलें जातें, आणि लहान शब्द बिचारे तसेच मागें राहतात. वीस वर्षें हा विषय शिकवीत असतां मला जो अनुभव आला तो ह्याच्या अगदीं उलट आहे. लांब शब्दाला बहुधा एकच अर्थ असतो. तो एकदां समजला कीं काम संपलें. 'हॉस्पिटल' किंवा 'रेफ्रिजरेटर' हा शब्द कोणीं भलत्याच अर्थानें वापरलेला मीं अद्याप पाहिलेला नाहीं. परंतु 'हॅव्ह' हें जें चिमुकलें क्रियापद आपण इंग्रजीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षींच शिकतों, त्याच्यापायीं माझी जितकी लाल शाई खर्च झाली आहे, तितकी दुसऱ्या कोणत्याहि शब्दापायीं झालेली नाहीं. म्हणून यंदाच्या वार्षिकांकासाठीं कांहीं लिहावें अशी संपादकमंडळाची सूचना आली, तेव्हां ह्याच शब्दाविषयीं चार गोष्टी सांगाव्या असें मीं ठरविलें.

ह्या क्रियापदाचीं रूपें अवघीं चार : 'हॅव्ह', 'हॅज', 'हॅड' आणि 'हॅव्हिंग'. परंतु इंग्रजी लिखाणांत कोणतें क्रियापद किती वेळां येतें ह्याची मोजदाद ज्यांनीं केली आहे, त्यांच्या यादींत 'बी' हें पहिलें असून 'हॅव्ह' हें दुसरें आहे. जो शब्द इतका कामाचा, तो नीट ओळखीचा झाल्यावांचून इंग्रजीचें एक पानहि आपल्याला निर्दोष लिहितां येणार नाहीं, हें उघड आहे.

आठवीच्या वर्गांत "'हॅव्ह' म्हणजे काय?" असें विचारलें, तर सारा वर्ग एका सुरांत उत्तर देतो, "जवळ असणें!" मग मी फळ्यावर एकेक वाक्य लिहूं लागतों. 'आय हॅव्ह टेन रुपीज.' माझ्याजवळ दहा रुपये आहेत. येथें सर्व सुरळीत असतें. 'आय हॅव्ह टू ब्रदर्स.' येथें कोणी तरी "माझ्याजवळ दोन भाऊ आहेत" असें म्हणतो, आणि वर्ग हसतो. कारण ते भाऊ ह्या क्षणीं त्याच्या शेजारीं उभे आहेत असा त्याचा अर्थ होतो. मराठींत 'मला दोन भाऊ आहेत' असें म्हटलें पाहिजे. 'शी हॅज अ फीव्हर' ह्याचें मराठी 'तिला ताप आहे'. ताप कोणी जवळ बाळगीत नाहीं. 'वुई हॅव्ह गेस्ट्स टुडे' म्हणजे 'आज आमच्याकडे पाहुणे आहेत.' 'ही हॅज करेज' म्हणजे 'त्याच्या अंगीं धैर्य आहे.' 'आय हॅव्ह अ डाउट' म्हणजे 'माझ्या मनांत एक शंका आहे.' 'द हाऊस हॅज टू डोअर्स' म्हणजे 'घराला दोन दारें आहेत.' आणि कर्जाचें वाक्य आलें म्हणजे मौज पाहावी. इंग्रज मनुष्य पैसा आणि कर्ज हीं दोन्ही एकाच 'हॅव्ह'नें सांगतो; आपण मात्र पैसा गांठीला आहे असें म्हणतों आणि कर्ज डोक्यावर आहे असें म्हणतों. एक खालीं कमरेला, दुसरें वर माथ्यावर! ज्या कोणीं पहिल्यानें हे शब्द योजिले, त्यानें दोन्ही वागवून पाहिलीं असलीं पाहिजेत.

ही यादी आणखी पुष्कळ वाढवितां येईल. सत्ता हातीं असते, मुलें पदरीं असतात, दुःख नशिबीं असतें, विद्या अंगीं असते, कला बोटांत असते, आणि गोष्ट ओठांवर असते. ह्या प्रत्येक ठिकाणीं इंग्रजींत 'हॅव्ह' चालूं शकतें. मराठींत मात्र क्रियापद सर्वत्र 'असणें' हेंच असून, त्याच्या आधीं येणारा शब्द किंवा प्रत्यय बदलत जातो. अमुक वस्तु माझ्या ठायीं आहे एवढें सांगून मराठी भाषेचें समाधान होत नाहीं. ती कोणत्या रीतीनें आहे, हें ती आपल्याकडून वदवून घेते.

ही गोष्ट माझ्या मनावर प्रथम ठसविली ती माझ्या आजीनें. आणि तिला तर इंग्रजीचें एक अक्षरहि येत नव्हतें. माझे वडील एका लहान खेड्यांत मिशनच्या शाळेवर मास्तर होते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची, पुठ्ठा निखळलेली एक जुनी प्रत आमच्या घरीं होती, आणि तींतील धडे वडील माझ्याकडून मोठ्यानें म्हणवून घेत. एके दिवशीं मी ओट्यावर बसून 'आय हॅव्ह अ गोट, आय हॅव्ह अ गोट' असें घोकीत होतों. आजी शेजारीं शेंगा सोलीत होती. तिनें विचारलें, "काय रे म्हणतोस हें?" मीं म्हणालों, "आजी, माझ्याजवळ शेळी आहे, असा त्याचा अर्थ." तेव्हां ती म्हणाली, "शेळी तुझी, कीं तुझ्याकडे आहे?" आमच्या अंगणांत खरोखरच एक शेळी बांधलेली असे, परंतु ती गल्लींतल्या एका शेतकऱ्याची असून वाट्यानें सांभाळावयास आमच्याकडे दिलेली होती. दूध आम्हीं घ्यावें आणि करडें निम्मीं त्याला द्यावीं, असा करार होता. आजीच्या लेखीं 'माझी शेळी' आणि 'माझ्याकडे असलेली शेळी' ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर होतें, आणि तें योग्यच होतें. कारण त्या अंतरावरच शेजाऱ्याशीं असलेला आमचा प्रामाणिकपणा अवलंबून होता.

आजीच्या प्रश्नाला 'हॅव्ह' हें क्रियापद एकट्यानें उत्तर देऊं शकत नाहीं, हें मला पुढें इंग्रजी अधिक शिकल्यावर कळलें. 'आय हॅव्ह अ पेन' ह्या वाक्यांतील पेन माझें स्वतःचें असेल, उसनें आणलेलें असेल, किंवा रस्त्यांत सांपडलेलें असेल. 'आय हॅव्ह युअर पेन' हें वाक्य तर शुद्ध इंग्रजी आहे, आणि त्यांत पेन तुझें असून तें आहे माझ्याकडे. म्हणजे 'हॅव्ह' ह्या शब्दांत मालकी असतेच असें नाहीं. वस्तु हाताखालीं आहे एवढेंच तो निश्चितपणें सांगतो. मालकी सांगावयाची असेल तर इंग्रजाला 'ओन' किंवा 'बिलाँग' ह्या शब्दांची मदत घ्यावी लागते.

एकदां एका सुशिक्षित पालकांशीं बोलत असतां ते म्हणाले, "मराठींत 'हॅव्ह'सारखें क्रियापदच नाहीं, आपली भाषा अपुरी आहे हेंच खरें." असा समज पुष्कळांचा असतो, म्हणून त्याविषयीं येथें थोडें लिहितों. संस्कृतांत 'मम पुस्तकम् अस्ति' असें म्हणतात, म्हणजे 'माझें पुस्तक आहे.' हिंदींत 'मेरे पास' म्हणतात. रशियन मनुष्य 'माझ्यापाशीं आहे' अशाच अर्थाची रचना करितो, आणि अरब 'इंदी', म्हणजे 'माझ्याजवळ', असें म्हणतो. हिब्रू भाषेंत 'येश ली' असा प्रयोग आहे. त्याचा शब्दशः अर्थ 'आहे मला' असा होतो. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. १९२२ सालीं त्यांचें निधन होण्यापूर्वीं कित्येक वर्षें त्या ह्या कामांत गढलेल्या होत्या. हिब्रूंतील हा प्रयोग मराठींत आणतांना वाक्याची मोडतोड करावी लागत नाहीं. तो इंग्रजींत नेतांना मात्र 'हॅव्ह' आणून सबंध वाक्य उलटें फिरवावें लागतें. एमिल बेंव्हेनिस्त नांवाच्या फ्रेंच भाषापंडितानें १९६० सालीं ह्याच विषयावर एक निबंध लिहिला, आणि असलें स्वतंत्र क्रियापद असणें हीच जगांतील भाषांमध्यें विरळ गोष्ट असून 'मला आहे' ह्या धाटणीची रचना अधिक पसरलेली आहे, असें दाखवून दिलें. तेव्हां मराठीला कांहीं उणें आहे असें नव्हे. दोन भाषांनीं एकच गोष्ट दोन बाजूंनीं पाहिली आहे. 'आय हॅव्ह अ बुक' ह्या वाक्यांत 'मी' कर्ता आणि पुस्तक माझ्या मुठींत. 'माझ्याजवळ पुस्तक आहे' ह्या वाक्यांत पुस्तकच कर्ता, आणि मी केवळ त्याचें ठिकाण.

'मुठींत' हा शब्द मीं सहज योजिलेला नाहीं. जुन्या इंग्रजींत ह्या क्रियापदाचें रूप 'हब्बन' असें होतें, आणि त्याच्या मुळाशीं 'पकडणें' हा अर्थ आहे. त्याच मुळापासून लॅटिन भाषेंत 'कापेरे' हें क्रियापद झालें. इंग्रजींतील 'कॅप्चर', 'कॅप्टिव्ह' आणि 'कपॅसिटी' हे शब्द त्याच्यापासून निघालेले आहेत. लॅटिनांत जेथें शब्दाच्या आरंभीं 'क' असतो, तेथें इंग्रजींत बहुधा 'ह' आढळतो. लॅटिन 'कॉर्नू' तो इंग्रजींत 'हॉर्न', आणि लॅटिन 'केंटुम' तो इंग्रजींत 'हंड्रेड'. हा नियम याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडितानें १८२२ सालीं सविस्तर मांडला. हा तोच ग्रिम, ज्यानें आपल्या भावाबरोबर जमविलेल्या परीकथा तुम्हीं लहानपणीं वाचल्या असतील.

आतां एक चमत्कार पाहा. लॅटिन भाषेंत 'हाबेरे' असें एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ 'हॅव्ह'सारखाच, आणि रूपहि 'हॅव्ह'सारखेंच. हे दोघे सख्खे भाऊ असावेत असें कोणीहि म्हणेल. परंतु त्यांचें कांहीं नातें नाहीं. लॅटिनांतील 'ह'च्या जागीं इंग्रजींत 'ग' येतो. जसें, लॅटिन 'होस्टिस' आणि इंग्रजी 'गेस्ट'. ह्या हिशेबानें लॅटिन 'हाबेरे'चा इंग्रजींतील खरा आप्त निघतो तो 'गिव्ह', म्हणजे देणें! घेणें आणि देणें हीं एकाच व्यवहाराचीं दोन टोकें असल्यामुळें एकाच मूळ धातूला एका भाषेंत 'बाळगण्या'चा अर्थ आला, आणि दुसरींत 'देण्या'चा.

ह्या 'हाबेरे'चेंच आणखी एक अपत्य आपल्या नित्याच्या परिचयाचें आहे. त्याला 'दे' हा उपसर्ग लागून 'देबेरे' हें क्रियापद झालें. दुसऱ्याचें कांहीं आपल्याकडे ठेवून घेणें, म्हणजेच त्याचें देणें लागणें, असा त्याचा अर्थ. कर्ज ह्या अर्थाचा 'डेट' हा शब्द त्याच्यापासूनच आला. उच्चारांत नसलेलें 'बी' हें अक्षर त्याच्या स्पेलिंगांत कां, असें मुलें मला दरवर्षीं विचारतात. शब्द फ्रेंच भाषेंतून इंग्रजींत आला तेव्हां तें गळालेलें होतें. पुढें विद्वानांनीं लॅटिन मुळाची खूण म्हणून तें पुन्हां बसविलें. 'ड्यू' आणि 'ड्यूटी' हे शब्दहि त्याच घराण्यांतले. कर्तव्य ह्या शब्दाच्या मुळाशीं 'दुसऱ्याचें माझ्याकडे असलेलें कांहीं तरी' हा अर्थ असावा, ही गोष्ट आजीला सांगितली असती, तर तिला त्यांत नवें असें कांहींच वाटलें नसतें.

शाळेशीं निकट संबंध असलेला एक शब्द राहिलाच. 'बिहेव्ह' म्हणजे वागणें. 'हॅव्ह'लाच 'बि' लागून तो झालेला आहे, आणि स्वतःला एका विशिष्ट रीतीनें धरणें, हा त्याचा मूळचा अर्थ. आपण 'स्वतःला आवर' असें म्हणतों, तेंच हें. "बिहेव्ह युअरसेल्फ!" असें शिक्षकांनीं म्हटलें म्हणजे आपल्याला रागावलें असें मुलांना वाटतें, खरें पाहतां, तूं स्वतःच्या हातीं राहा, एवढेंच त्यांत सांगितलेलें असतें.

आतां वापराच्या कांहीं गोष्टी, विशेषतः ज्यांत आपल्याकडील विद्यार्थी अडखळतात त्या.

पहिली गोष्ट 'हॅव्हिंग'ची. 'आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स' असें वाक्य मोठमोठ्या पदवीधरांच्याहि तोंडीं ऐकूं येतें. तें अशुद्ध आहे. भाऊ असणें ही स्थिति आहे, चालूं असलेली क्रिया नव्हे. म्हणून 'आय हॅव्ह टू ब्रदर्स' एवढेंच म्हणावें. परंतु 'आय ॲम हॅव्हिंग माय डिनर' हें अगदीं शुद्ध आहे. कारण तेथें 'हॅव्ह' म्हणजे जेवणें, आणि जेवणें ही क्रिया आहे, ती चालूं असूं शकते. 'हॅव्ह अ बाथ', 'हॅव्ह अ टॉक' ह्यांतहि क्रियाच आहे. तेव्हां 'हॅव्हिंग' लिहिण्यापूर्वीं स्वतःला विचारावें : येथें कांहीं चाललें आहे, कीं कांहीं नुसतें आहे?

दुसरी गोष्ट पूर्णकाळाची. 'आय हॅव्ह रिटन अ लेटर' ह्या वाक्यांत 'हॅव्ह' कशासाठीं आलें, असा प्रश्न चौकस विद्यार्थ्यांना पडतो. प्राचीन काळीं ह्याची ठेवण 'लिहिलेलें असें पत्र माझ्या हातीं आहे' अशी होती. हळूहळू हातांत धरण्याचा अर्थ लोपला आणि क्रिया पुरी झाल्याचा अर्थ उरला. आपण 'मीं पत्र लिहिलें आहे' असें म्हणतों, तेथेंहि क्रियापद 'मी'च्या मागून न जातां पत्राच्या मागून जातें; चिठ्ठी असती तर 'लिहिली आहे' झालें असतें. दोन्ही भाषांत जोर झालेल्या कामावर आहे. त्याचप्रमाणें 'ही हॅड हॅड हिज मील' असें कोठें दिसलें, तर एक 'हॅड' छपाईची चूक समजून खोडूं नये. पहिलें साहाय्यक आहे, दुसरें मुख्य.

तिसरी गोष्ट 'हॅव्ह टु'ची. 'आय हॅव्ह अ लेटर टु राइट' म्हणजे लिहावयाचें असें एक पत्र माझ्याकडे आहे. तेंच शब्द जरा इकडचे तिकडे होऊन 'आय हॅव्ह टु राइट अ लेटर' झालें, आणि अर्थ 'मला पत्र लिहिलें पाहिजे' असा झाला. मराठींतील 'मला जायचें आहे' ह्या वाक्यांत इच्छाहि असूं शकते आणि सक्तीहि. म्हणून भाषांतर करण्यापूर्वीं नीट पाहावें. इच्छा असेल तर 'वाँट टु', आणि जावेंच लागत असेल तर 'हॅव्ह टु'.

चौथी गोष्ट दुसऱ्याकडून करविलेल्या कामाची. आपण न्हाव्याकडे जाऊन येतों आणि 'मीं केस कापले' असें खुशाल म्हणतों; कात्री कोणाची होती तें सर्वांना ठाऊकच असतें. परंतु 'आय कट माय हेअर' असें लिहिलें, तर स्वतःच आरशासमोर कात्री चालविली असा अर्थ होतो. 'आय हॅड माय हेअर कट' असें लिहावें. एका मुलानें दाताच्या दवाखान्यांतून आल्यावर रजेच्या अर्जांत 'आय पुल्ड आउट माय टूथ' असें लिहिलें होतें. तें वाचून त्याच्या शौर्याबद्दल माझ्या मनांत फारच आदर उत्पन्न झाला!

प्रश्न विचारण्याची रीत मात्र बदलली आहे. जुन्या क्रमिक पुस्तकांत 'हॅव्ह यू अ पेन?' असें आढळेल. तें चूक नव्हे. परंतु हल्लीं 'डू यू हॅव्ह अ पेन?' हीच रीत सर्वत्र रूढ आहे. आजोबांच्या पुस्तकांतलें वाक्य पाहून वर्गांतल्या शिक्षकांशीं वाद घालूं नये.

व्याकरणाचे हे नियम वहींत उतरवून घेतां येतात. परंतु दोन वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्यानें ह्याच क्रियापदाविषयीं मला जो प्रश्न विचारला, त्याचें उत्तर कोणत्याहि व्याकरणांत दिलेलें नव्हतें. 'माझें कुटुंब' ह्या विषयावर दहा ओळी लिहावयास मीं सांगितल्या होत्या. 'आय हॅव्ह अ फादर, आय हॅव्ह अ मदर', अशा नेहमींच्या वाक्यांनीं पुष्कळांनीं आरंभ केला. एक मुलगा मात्र कोरी वही घेऊन माझ्या टेबलापाशीं आला. त्याची आई त्याच वर्षीं वारली होती. तो हळू आवाजांत म्हणाला, "सर, आई वारली असेल तर 'हॅव्ह' लिहायचें, कीं 'हॅड'?"

व्याकरणाचें उत्तर सरळ होतें, 'हॅड' लिहावें. तें मीं त्याला सांगितलें, कारण विचारलेल्या गोष्टीचें खरें उत्तर मुलाला मिळालें पाहिजे. तो वहीकडे पाहत तसाच उभा राहिला. तेव्हां मीं म्हणालों, "बाळ, हें वाक्य 'हॅव्ह'नेंच सुरू केलें पाहिजे असें कोठें आहे? 'माय मदर' असें लिही, आणि मग तिच्याविषयीं तुला जें सांगायचें असेल तें लिही. 'हॅव्ह' हें क्रियापद आहे, म्हणून त्याला काळ लागतो. 'माय' ह्या शब्दाला काळ नाहीं." थोडा वेळ विचार करून त्यानें विचारलें, "मराठींतहि नाहीं?" मीं म्हटलें, "मराठींतहि नाहीं. माझा, माझी, माझें असें लिंगाप्रमाणें बदलेल; काळाप्रमाणें बदलणार नाहीं." तो जागेवर जाऊन बसला, आणि तास संपेपर्यंत लिहीत राहिला. त्याचें पहिलें वाक्य 'माय मदर टॉट मी टु रीड' असें होतें, म्हणजे 'माझ्या आईनें मला वाचावयास शिकविलें.' त्यांत दुरुस्त करण्यासारखें कांहीं नव्हतें.

त्या दिवसापासून हें क्रियापद शिकवितांना मी मुलांना एक गोष्ट अधिक सांगूं लागलों आहें. जें धरलेलें असतें तें सुटूं शकतें. म्हणून 'हॅव्ह'चें 'हॅड' होतें. पैसा, वस्तु, प्रकृति, हुद्दा, ह्या सर्वांना हा नियम लागूं आहे. परंतु आपल्या माणसांशीं असलेलें नातें आपण मुठींत धरलेलें नसतें, आणि म्हणून मूठ उघडली तरी तें गळून पडत नाहीं. 'मला आई आहे' ह्या वाक्याचें पुढें 'मला आई नाहीं' असें होईल. 'माझी आई' ह्या दोन शब्दांचें मात्र कांहींच होत नाहीं.

शेवटीं पालकांस एक विनंति करावीशी वाटते. मुलांविषयीं बोलतांना आपण बहुधा त्यांच्याजवळ काय आहे ह्याचाच पाढा वाचतों : सायकल आहे, मोबाईल आहे, शिकवणी आहे, इतके टक्के गुण आहेत. इंग्रजींत 'ही हॅज अ मोबाईल' आणि 'ही हॅज पेशन्स' हीं दोन वाक्यें एकाच सांच्यांतून निघतात, आणि ऐकणाराला दोहोंची किंमत सारखीच वाटूं शकते. आपली भाषा असा घोटाळा होऊं देत नाहीं. मोबाईल मुलाजवळ असतो, सोशिकपणा त्याच्या अंगीं असतो. पुस्तक दप्तरांत असतें, विद्या अंगीं असते. जवळचें अंगीं यावें ह्याच खटपटीसाठीं शाळा आहे, आणि ह्या खटपटींत घराची साथ नसेल तर आमचे हात तोकडे पडतात. मुलाला नवी वस्तु घेऊन द्याल तेव्हां ती त्याच्याजवळच राहणार, कीं तिच्यामुळें त्याच्या अंगीं कांहीं येणार, एवढा एक विचार अवश्य करावा.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं सुटींतलें काम. इंग्रजींत 'हॅव्ह' असलेलीं वीस वाक्यें तुमच्या पाठ्यपुस्तकांतून निवडून वहीच्या डाव्या बाजूला लिहा. मग प्रत्येक वाक्यासंबंधीं घरांतील वडील माणसांना, विशेषतः आजी-आजोबांना, "हें आपण मराठींत कसें म्हणूं?" असें विचारा. त्यांना इंग्रजी येत नसेल तरी अडत नाहीं. तुम्हीं अर्थ समजावून सांगा. गांठीं, पदरीं, हातीं, अंगीं, माथीं, असे जे शब्द त्यांच्या तोंडून निघतील, ते उजव्या बाजूला जसेच्या तसे उतरवून घ्या. शाळा पुन्हां उघडल्यावर त्या वह्या घेऊन माझ्याकडे या. ज्याच्या वहींत मला ठाऊक नसलेला एखादा मराठी प्रयोग सांपडेल, त्याच्याकडून मी तो आनंदानें शिकून घेईन आणि सबंध वर्गाला शिकवीन.